गोजरबाईच्या नाकावर तातेरावांचा चष्मा

मित्रांनो, काउंटरवर हा जो तपकिरी फ्रेमचा, जाड भिंगांचा चष्मा पडलाय ना, तो मी. एक दांडी मोडलेली आहे म्हणून टाकाऊ समजू नका. उचलून बघा. जड लागतो ना? आता दुसरी दांडी धरून डोळ्यांसमोर लावा. घाबरता काय, लावा की. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं? नाही? रस्त्यावरचा ऑटो? तोही नाही? बरं, आता काढा. फार वेळ लावू नका, गरगरायला लागेल. एका बाईनं मला नऊ वर्षं लावलं. तिचीच हकीकत सांगतो. मला मान नाही, नाहीतर सांगताना खाली घातली असती.

माझा जन्म याच दुकानातला. नवीन जालन्यात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर बजरंगलालशेठचं हे दुकान तेव्हा नवंच होतं. साल १९८३. शेठजींनी स्वतः चाकावर माझ्या काचांच्या कडा घासल्या, फ्रेममध्ये बसवल्या, फुंकर मारून पुसल्या आणि परतूरजवळच्या एका खेड्यातून आलेल्या तातेराव नावाच्या शेतकऱ्याच्या नाकावर मला ठेवलं. तातेरावांचं वय पासष्टीच्या पुढं. त्यांनी दुकानाच्या दारात उभं राहून समोर बघितलं आणि ओरडले, "आरं, ते निंबाचं झाड हाये की! मी मघापून मानूस समजून राह्यलो!"

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी लाज तिच्यातच आहे. त्या काळी मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून टाकायचं, आणि त्या जागी काहीच बसवायचं नाही. डोळा आतून रिकामा. मग बाहेरून माझ्यासारखं जाड भिंग लावायचं. म्हणजे मी ऑपरेशन झालेल्या डोळ्याचा चष्मा. ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं नाही, त्याच्या मी काडीच्या कामाचा नाही.

तातेरावांचं ऑपरेशन परतूरला शाळेत भरलेल्या शिबिरात झालं होतं. तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण ते सगळं तातेराव पारावर इतक्यांदा सांगत की मला तोंडपाठ झालं. डोळ्याला पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, सात दिवस उताणं पडून राहायचं, खोकायचंसुद्धा नाही. सातही दिवस त्यांची बायको गोजरबाई उशापाशी बसलेली. ती भरवायची, पुसायची, दिवसातून तीनदा डोळ्यात औषध घालायची. एक दिवस डॉक्टर फेरीवर आले आणि सहज तिच्या डोळ्यात बॅटरी मारून म्हणाले, "बाई, तुमच्याही दोन्ही डोळ्यांत मोती आहे. अजून कच्चा आहे. जरा पिकू द्या. पुढच्या वर्षी या."

हे सांगून तातेराव हसायचे. "तिचा पिकला न्हाई अजून," म्हणायचे. पारावरचेही हसायचे, आणि मीही तातेरावांच्या नाकावर बसून हसत होतो. तेव्हा मला काय कळत होतं!

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर आलं. तातेरावांचा दुसरा डोळा करायचा होता. या वेळी मी तिथंच होतो, उशीखाली, डबीत. डॉक्टरांनी गोजरबाईला ओळखलं. डोळे बघून म्हणाले, "आता पिकलाय हो. नाव लिहा यांचं. उद्याच करून टाकू." गोजरबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि नवऱ्याकडं बघितलं. तिचा मुलगा बद्रीनाथ भाकरी घेऊन आला होता, त्याच्याकडंही बघितलं.

"दोघंबी एकदम पडले तर कसं व्हायचं?" बद्रीनाथ म्हणाला. "अण्णापाशी आई बसली. आईपाशी कोन बसनार? तिकडं वेचनी चालू हाये, बायको शेतात. मला काय बायांच्या खोलीत बसू देतेत का?"

"बराबर हाये त्याचं," तातेराव पट्टीखालून बोलले.

"पुढल्या साली बघू की," गोजरबाईच म्हणाली. "मला कुठं पेपर वाचायचाय?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि पुढच्या खाटेकडं गेले. झालं. तिचं नाव लिहायचं राहिलं ते राहिलंच. मित्रांनो, शिबिरं भरायची थंडीत आणि कापसाची वेचणीही थंडीत. त्यामुळं पुढलं साल आलं तरी ती गोष्ट पुढल्याच सालावर जायची. एका वर्षी सून बाळंत झाली, एका वर्षी नणंदेच्या घरी लग्न निघालं. कुणी दुष्टपणानं केलं म्हणावं, तर तसंही नाही. तिच्यावर सगळ्यांचा जीव होता. फक्त तिच्यापाशी बसायला कुणी मोकळं नव्हतं.

माझ्याबद्दल म्हणाल, तर माझी ती वर्षं फार सुखाची गेली. दुसऱ्या डोळ्यासाठीही माझ्यात जाड भिंग बसलं, तसे तातेराव सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवू लागले. माझ्यातून त्यांचे डोळे बैलाएवढे दिसायचे, पोरं त्यांना पाहून खिदळायची. आंघोळीला जाताना ते मला गोजरबाईच्या हातात द्यायचे. ती मला पदरानं पुसून दोन्ही हातांनी धरून बसायची. मला वाटायचं, काय आपला मान आहे!

१९८७ साली तातेराव गेले. तेराव्याला त्यांच्या वस्तू वाटून टाकल्या. धोतरं गेली, पटका गेला, काठी गेली, चपला गेल्या. मला कुणी घेईना, मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवरची वस्तू म्हणून बिचकत असतील. बद्रीनाथनं मला डबीतून काढलं. बापाच्या आठवणीनं त्याचे डोळे भरले होते. तो सगळ्या सोयऱ्यांच्या देखत आईपुढं बसला आणि त्यानं आपल्या हातानं मला तिच्या नाकावर ठेवलं.

"आई, अण्णाचा चष्मा आता तुझा. साधासुधा न्हाई, डाक्टरच्या नंबराचा हाये. दिसतंय का?"

मी जीव खाऊन बघत होतो. तिच्या डोळ्यात मोती, त्यावर मी. म्हणजे आधीच धुकं आणि त्यात मी आणखी धूर केला. काही दिसत नव्हतं तिला. अहो, आधी जे थोडं दिसायचं तेही गेलं. पण सगळे वाट बघत होते. कुणीतरी तिच्या हातावर गव्हाचे दाणे ठेवले. ती हात अगदी पापण्यांपाशी घेऊन गेली. एवढ्या जवळ आणलं की माझ्यातून कुठलीही वस्तू मोठी दिसते, तोच माझा चावटपणा.

"अगं बाई, केवढाले झाले गहू!" ती म्हणाली.

सगळे दुःखातही हसले. "मंग आता तर दिसतंय?" बद्रीनाथनं विचारलं.

"दिसतंय की. ब्येस दिसतंय."

एक म्हातारी म्हणाली, "लेक असावा तर असा बाई." बद्रीनाथची मान ताठ झाली. आणि मी? मी खुशाल फुशारलो. मेल्या, तुझ्यातून काही दिसत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं ना? होतं. पण आपण कामाचे ठरलो याचाच मला आनंद झाला होता. आजही तो दिवस आठवला की माझ्या भिंगांवर वाफ धरते.

तिचं नाक बारीक, मी सारखा घसरायचो. बद्रीनाथ मला जालन्याला घेऊन आला. आईला नव्हे बरं का, नुसतं मला. "आईला ढिला होतो, जरा बसवून द्या," तो शेठजींना म्हणाला. बजरंगलालशेठनी दांड्या तापवून वाकवल्या. "माँजींना बराबर दिसतं ना?" त्यांनी विचारलं. "बिलकुल. ब्येस दिसतं म्हन्ती," बद्रीनाथनं सांगितलं. शेठजींना वाटलं, आईचंही ऑपरेशन झालं असणार. दुकानात डोळे आलेच नव्हते, चष्मा आला होता, त्यांना कसं कळणार?

मग सुरू झालं आमचं नाटक. बद्रीनाथची चाहूल लागली की गोजरबाई मला कपाळावरून खाली ओढायची. तो गेला की परत कपाळावर. उरल्यासुरल्या नजरेनं ती माझ्याखालून बघायची. घरातली पावलं तिनं मोजून ठेवली होती: चुलीपासून उंबरा सहा, उंबऱ्यापासून रांजण नऊ. एकदा पडवीत ठेवलेल्या कापसाच्या गाठोड्याला ती म्हणाली, "या, बसा, पानी देऊ का?" घरभर हसू झालं. तीही हसली. हसताना तिनं मला काढून पदरानं पुसलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं बोलली, "तुमचा चष्मा हाये, मला कुठून दिसनार? पन एवढ्या मायेनं लावला पोरानं. त्याचं मन कसं मोडू?" ती हे नवऱ्याला सांगत होती. ऐकायला मी होतो.

सून दुर्गाबाईच्या मात्र लक्षात आलं होतं. वरणात खडे सापडत होते, सासूच्या बोटांवर चटक्यांचे डाग वाढत होते. ती एकदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, आत्याबाईला दिसत न्हाई. एकदा दाखवून आना."

"दिसत न्हाई कसं? चष्मा हाये की तिला!"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं म्हणून सांगू! दर थंडीत शिबिराची जीप भोंगा वाजवत गावात यायची, साठीच्या पुढच्यांनी यावं म्हणून ओरडायची. बद्रीनाथ ओट्यावरून म्हणायचा, "आमच्या आईला चष्मा हाये." जीप पुढं जायची. मी नसतो, तर तो एखाद्या वर्षी तिला जीपमध्ये बसवून घेऊन गेला असता. मी होतो म्हणून गेला नाही.

१९९३ साली बद्रीनाथच्या चुलत्याला, पुंजारामला, कमी दिसायला लागलं. आता काळ बदलला होता. जालन्यात डोळ्याच्या आत भिंग बसवायचं ऑपरेशन होऊ लागलं होतं, सात दिवस पडून राहायचं काम नाही. पुंजारामचा मोती काही पिकलेला नव्हता. पण "गडी मानूस, चार लोकांत बसावं-उठावं लागतं" म्हणून बद्रीनाथनं त्याला स्वतः नेलं. दोन महिन्यांत दोन्ही डोळे झाले. ऐन वेचणीत झाले! पुंजाराम ओट्यावर येऊन बसला, तर नाकावर चष्मासुद्धा नाही.

गोजरबाई भिंतीला धरून बाहेर आली. "भाऊजी, दुखतं का हो लई?"

"काय न्हाई वैनी. मुंगी चावल्यावानी."

"किती दिवस ऱ्हावं लागतं?"

"दोनच दिस."

"मंग..." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "मंग माझं बी एकदा..."

"आई, तुला चष्मा हाये की," बद्रीनाथ बैलाला पेंड घालता घालता म्हणाला. रागानं नव्हे, अगदी सहज बोलला. गोजरबाईनं घाईघाईनं मला कपाळावरून खाली ओढलं, जसं काही चोरी पकडली गेली. "हां, हाये की," ती म्हणाली. त्या दिवशी मला वाटलं, आपण खाली पडावं आणि फुटावं. पण शेठजींनी दांड्या इतक्या घट्ट वाकवल्या होत्या की मी हाललोसुद्धा नाही.

तीन वर्षांनी तिचा डावा डोळा लाल झाला. डोकं इतकं दुखायला लागलं की तिला उलट्या व्हायच्या. "पित्त झालंय," ती म्हणाली. डोक्याला फडकं आवळलं, सुंठ उगाळून लावली. आठवडा गेला. एक दिवस कळ आली तशी ती मोरीपाशी बसली आणि तिचा हात माझ्यावर पडला. कटकन माझी दांडी मोडली.

बद्रीनाथला बियाण्यासाठी जालन्याला जायचंच होतं. "चष्मा करून आनतो, मंग डोकं थांबतं बघ तुझं," म्हणत त्यानं मला खिशात घातलं.

बजरंगलालशेठनी मला हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि ओळखलं. "हा तर तातेरावांचा! ते तर गेले ना? वापरतं कोण?"

"आई. मागं तुम्हीच ढिला होता तर बसवून देल्ता की."

"हां, हां. माँजींचं ऑपरेशन कुठं झालं?"

"ऑपरेशन? आईचं न्हाई झालं कधी."

शेठजींनी गिऱ्हाईक सोडून काउंटरला वळसा घातला, बद्रीनाथला खांद्याला धरून दुकानाच्या दारात उभं केलं आणि मोडकी दांडी स्वतःच्या बोटांनी धरून मला त्याच्या डोळ्यांवर लावलं. "बघा रस्त्याकडं," ते म्हणाले.

याच दारातून तातेरावांना निंबाचं झाड दिसलं होतं. बद्रीनाथला झाड दिसेना, ऑटो दिसेना, माणसं दिसेनात. ताक सांडल्यासारखं सगळं पांढरं, पसरट. त्यानं हात पुढं करून चाचपलं.

"शेठजी, हे... हे असं दिसत होतं तिला?"

"याच्याहून कमी. तुमचे डोळे साफ आहेत." शेठजींनी मला काढलं. "गलती माझीपण आहे. मी विचारायला पाहिजे होतं, ज्याचा चष्मा त्याला का नाही आणलं."

"नऊ वर्षं," बद्रीनाथ म्हणाला आणि दुकानाच्या पायरीवर खाली बसला. बियाणं राहिलं. मला खिशात घालून तो मिळेल त्या गाडीनं परत गेला आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आला.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "आजी, मोती आहे हे पहिल्यांदा कधी कळलं?"

"परतूरला शाळेत शिबिर होतं, तवा. तेरा वर्षं झाली आसतेन. पिकायची वाट बघून राह्यले मी."

"हा पिकून पार फुटला हो आत. डावा डोळा गेलाय. उजवा करू आपण, उजवा वाचेल." मग बद्रीनाथकडं वळून म्हणाले, "इतकी वर्षं काय केलंत तुम्ही?"

बद्रीनाथनं खिशातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि कागद लिहायला घेतला. मी जमिनीवर पडलोय, पोरांनी मला गोट्यांच्या पिशवीत कोंबलंय, पण त्या टेबलावर जेवढं ओशाळं वाटलं तेवढं कधी वाटलं नाही.

ऑपरेशन झालं. तिच्यापाशी बसला कोण माहितीय? बद्रीनाथ. बायांच्या खोलीत बसू देत नाहीत म्हणणारा तो, दारापाशी सतरंजी टाकून बसला. कुणी हाकललं नाही. पट्टी काढली तेव्हा नर्सनं त्याला औषध घालायला शिकवलं. डावा हात कपाळावर, पापणी वर, एक थेंब, डोळा मिटू द्यायचा. पहिला थेंब घालून झाल्यावर तो बाटलीकडं बघत राहिला. "एवढंच होतं?" तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं?"

गोजरबाईनं उजवा डोळा उघडला. आधी छताचा पंखा बघितला. मग मुलाचं तोंड, आणि मग त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा मी. मित्रांनो, इतक्या वर्षांत तिनं मला नीट पाहिलं ते त्या दिवशी. मला वाटलं, आता ही मला शिव्या देणार. द्याव्यातच तिनं. पण तिचा चेहरा पडला.

"बद्री, दांडी माझ्या हातनं मोडली रे," ती म्हणाली. "ह्यांची एवढी चीज, मला संभाळता न्हाई आली."

बद्रीनाथ ढसाढसा रडला. पन्नाशीला आलेला बाप्या, सगळ्या खोलीदेखत.

त्यानंतर त्यानं मला इथं आणून ठेवलं. "दांडी बसवू?" शेठजींनी विचारलं. "नको," तो म्हणाला, "आता हा कुनालाच लावू नका." शेठजींनी मात्र तेवढं ऐकलं नाही. कुणी एकटा आला आणि "आईचा चष्मा आहे, जरा नीट करून द्या" म्हणाला, की ते आधी मला त्याच्या डोळ्यांवर लावतात आणि रस्ता दाखवतात. मग विचारतात, "आई कुठं आहे?" म्हातारीला दुकानापर्यंत आणावंच लागतं.

तुम्ही आज तुमचा चष्मा घ्यायला आलाय, नवाकोरा, तुमच्याच डोळ्यांचा नंबर तपासून केलेला. घरी गेल्यावर माझं एक काम करा. तुमच्या आजीला "दिसतं का?" असं विचारू नका. ती "दिसतं की" असंच म्हणेल. चार पावलं लांब उभे राहा, बोटं दाखवा आणि किती ते विचारा. मग तिचा एक डोळा झाकून पुन्हा विचारा, मग दुसरा झाकून. गोजरबाईच्या डाव्या डोळ्याला वेगळं असं कुणी कधी विचारलंच नाही, आणि त्याच्या सगळ्यात जवळ मी बसलो होतो.

आणि बोटं चुकली, आणि घरात मोठ्यांपैकी कुणी म्हणालं, "न्यायचं खरं, पण तिच्यापाशी कोण बसणार?" तर गप्प राहू नका. मला हात नाहीत, दांडी आहे तीही मोडकी. तुम्हाला आहेत. वर करा.